मीठ दाराशी थांबलं होतं

मी पडदा बोलतोय.

तुम्हाला वाटेल खिडकीचा, नाहीतर आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकाचा. मला कुणी शिवलं नाही, कुणी टांगलं नाही. नथ्थूभाऊच्या पोटात, आतड्याच्या आतल्या अंगाला, डोळ्यांना दिसणार नाही एवढी एक पेशी आहे. तिच्याभोवती गुंडाळलेला पातळ पडदा म्हणजे मी. गरम पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो ना, त्याहूनही पातळ.

मी शिकलेला नाही. इथे अंधार आहे. उजेड म्हणजे काय, हे मी फक्त ऐकून आहे. जे काही कळलं ते नथ्थूभाऊच्या आवाजातून कळलं. तो सत्तरीकडे झुकलेला धानाचा शेतकरी. हळू बोलतो, मधेच थांबतो, विसरलं की 'काय म्हनत होतो मी' असं स्वतःलाच विचारतो. त्याचा आवाज हाडांतून, पाण्यातून उतरत आमच्यापर्यंत येतो. म्हणून मीही तसाच बोलतो. जरा धीर धरून ऐका.

आमची वस्ती बोटांची आहे. आतड्याच्या भिंतीवर बारीक बारीक बोटं उभी आहेत, धानाची रोवणी झालेल्या शेताच्या बांधीसारखी दाट. दोन बोटांच्या मधे खोल खळगा असतो. माझा जन्म त्या खळग्यात झाला. माझ्या आधी जो होता त्याचे दोन झाले, त्यातला एक मी. आधीचा कोण आणि नवा कोण, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

जन्मल्यापासून एकच ठाऊक होतं, वर सरकायचं. खालून नवे येतात. ढकलत नाहीत, नुसते येतात, आणि आपण वर जातो. वर बोटाचं टोक आहे. टोकाशी पोचलेला क्षणभर स्थिर राहतो आणि मग तिथे नसतो. ओरडत नाही. त्याच्या जागी मागचा येतो, अगदी त्याच्याच चेहऱ्याचा. नथ्थूभाऊला हे कळतही नाही. तो वर बसून भात कालवत असतो आणि आत आम्ही बदलत असतो. आठवडा लोटला की या बोटांवर जुनं कुणीच उरत नाही. तरी तो म्हणतो, 'माझं पोट.'

पडदा म्हणजे अडवणारा, असं लोकांना वाटतं. माझं काम अडवायचं कमी, ओळखायचं जास्त. श्वासातली हवा मला विचारत नाही. ती आरपार जाते, आणि गेल्यावर कळतं की कुणीतरी गेलं. तेलातुपातले कण माझ्यात विरघळतात आणि पलीकडे निघतात. मिठाला आणि साखरेला मात्र तसं जाता येत नाही. त्यांच्यासाठी माझ्यात दारं आहेत. एक दार नुसत्या मिठाचं. दुसरं दार जोडीचं. त्या दाराची रीत अशी की मीठ एकटं आलं तर ते वळत नाही, साखर एकटी आली तरी वळत नाही. दोघं शेजारी येऊन बसली की दार आपोआप आतल्या बाजूला वळतं, आणि दोघं आत.

आत आलेलं मीठ मी ठेवून घेत नाही. माझ्या पाठीशी रक्ताची गल्ली आहे. तिकडच्या अंगाला पंप आहेत, ते न थांबता मीठ गल्लीत टाकत राहतात. माझं बरंचसं बळ त्यातच जातं. पण आत मीठ कमी ठेवलं तरच बाहेरचं मीठ दारात यायला धजतं. साखर पाठीमागच्या वेगळ्या दाराने, उताराने निवांत निघून जाते. आणि मीठ गेलं की पाणी त्याच्यामागे जातं. गाय पुढे गेली की वासरू मागे चालतं, तसं. पाण्याला हाक मारावी लागत नाही.

नथ्थूभाऊचं घर एटापल्लीच्या रस्त्याला लागून आहे. सूरजागडच्या डोंगराकडून दगड भरलेले ट्रक उतरतात तेव्हा त्याची बाज हलते, बाजेवर तो हलतो आणि आत आम्ही हलतो. आम्हाला बाहेरच्या जगाची तेवढीच खूण.

त्याला शुगर आहे. गोडाची बिमारी. ती काय असते, ते रक्ताच्या गल्लीतून येणाऱ्या बातम्यांवरून आम्हाला कळलं. हातापायांच्या मांसातल्या पेशींनाही पडदे आहेत, आणि साखरेची दारं आहेत. पण ती दारं निरोप आल्याशिवाय पुढे येत नाहीत. निरोप कमी येतो, आला तर ऐकला जात नाही. मग साखर गल्लीत फिरत राहते, घर चुकलेल्या माणसासारखी, दार दिसेल म्हणून. माझ्या जोडीच्या दाराला असला निरोप लागत नाही. पण हे मी कुणाला सांगणार?

पुढचं माझ्या जन्माआधीचं, वरच्या बोलण्यातून कळलेलं. डॉक्टरनं साखर बंद सांगितली आणि शकुबाईनं ती घरातून उपटूनच टाकली. शकुबाई म्हणजे नथ्थूभाऊची बायको. साखरेचा डबा शेजारी गेला, गुळाची भेली गेली. चहा बिनसाखरेचा. सणाला शेजारणीनं खीर पाठवली तर वाटी उंबऱ्यावरूनच परत.

"एका चमच्यानं काय होते?" नथ्थूभाऊ म्हणायचा.

"तुमाले काई नाई होत जी. मांगं राहाचं मले हाये."

तो हसायचा. तो हसला की आमची बोटं डोलायची.

त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. एकाएकी ट्रकांची थरथर बंद झाली. नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहू लागलं होतं, रस्ता तुटला होता. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पुराचं पाणी शेताजवळच्या विहिरीतही शिरलं होतं. नथ्थूभाऊ धानाचे बांध पाहायला गेला होता. तहान लागली तेव्हा त्याच विहिरीचं पाणी तो ओंजळीनं प्याला.

त्या पाण्यातून तो आला.

विळ्यासारखा वाकलेला जंतू, एक शेपटी, बस. त्यानं दार तोडलं नाही. तो आत शिरलाही नाही. माझ्या बाहेर टेकून बसला आणि आपल्या अंगातलं काहीतरी माझ्याकडे सरकवलं. माझ्या अंगावर एक खूण आहे, तिला ते अलगद चिकटलं. आणि मीच ते आत ओढून घेतलं. का, ते मला अजून समजलेलं नाही. मी अनोळखी काही आत घेत नाही. पण ते असं आलं, जसं नेहमी येणारं कुणी असावं.

आत ओढलेल्या त्या वस्तूनं एक कळ दाबली. ती कळ आमची जुनीच. रोज दाबली जाते, रोज सुटते. या वेळी ती सुटेना. कुणीतरी बोट ठेवून उभं होतं, आणि ते बोट कुणाच्या हाताचं, ते दिसत नव्हतं.

खाली खळग्यात कोवळ्या पेशी असतात. त्यांची बाहेर टाकायची दारं उघडली आणि उघडीच राहिली. खारं पाणी निघू लागलं. आधी झिरपलं, मग धार लागली. आम्हा वरच्यांचं उलटं झालं. आमचं नुसत्या मिठाचं दार मिटलं आणि मिटलेलंच राहिलं. कुठे आरडाओरडा नाही, रक्त नाही, जखम नाही. फक्त पाण्याचा आवाज. घरात कुणी नसताना नळ चालू राहावा तसा.

वर नथ्थूभाऊ कितीदा तरी परसात जाऊन आला आणि मग त्याच्यानं उठवेना. जात होतं ते नुसतं पाणी होतं, तांदळाच्या धुवणासारखं. शकुबाई बाजेशी बसून त्याला उकळून निवलेलं पाणी पाजत होती, त्यात मीठ टाकून. ते मीठ आमच्यापर्यंत आलं. खालून निघालेलं खारं पाणी तर होतंच. इतकं मीठ मी कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्या दाराशी येऊन थांबलं, एकामागे एक, गप्प. एक दार मिटलेलं. दुसरं जोडीचं, आणि जोडीला साखर नाही. मागच्या मिठाच्या रेट्यानं पुढचं वाहून गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं, तेही थांबलं. आणि त्याच्यामागे जाणारं पाणी त्याच्याबरोबर खाली वाहत गेलं.

साखर घरात होती. पावसाळ्याच्या तोंडाशी गावची आशा सेविका मंजुषा घरोघर जलसंजीवनीच्या, मीठ-साखरेच्या पुड्या वाटून गेली होती. त्या सकाळी शकुबाईनं ती पुडी काढली, कोपरा फोडला, जिभेला लावून पाहिलं. "गोड हाये," ती पुटपुटली. तिनं पुडीचं तोंड दुमडलं आणि ती फळीवर ठेवून दिली.

गावातला किराणा दुकानदार लियाकत आपली जीप घेऊन नाल्यापर्यंत जाऊन आला. त्याचे ओले पाय उंबऱ्याशी वाजले.

"कमरेएवढं पानी हाये रपट्यावर, शकुबाई. जीप नाई निंगत. उतरलं का नेतो. मंजुषाले फोन लावून राह्यलो, टावरच नाई. तवालोक पाजत राहा."

"पाजूनच राह्यली न, भाऊ. मीठ टाकून."

"न् साखर?"

"शुगरवाल्या मानसाले साखर? काऊन, मारतो काय त्याले?"

लियाकतच्या आईचा पाय याच बिमारीत कापावा लागला होता आणि पुढे ती गेली. गोडाची भीती त्याच्याही घरात बसलेली होती.

"हो," तो म्हणाला, "तेई खरंच हाये."

दोघंही नथ्थूभाऊवर माया करणारी. दोघांनी मिळून दार बंद ठेवलं होतं, आणि दार आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

माझ्या पाठीशी गल्लीतलं रक्त घट्ट होत चाललं. आधी वाहायचं, आता सरकत होतं. वर काळीज पळत होतं, रिकाम्या बैलगाडीसारखं, खडखड करत. नथ्थूभाऊचा आवाज बसला. आणि एक गोष्ट झाली, तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. त्याचा आवाज जसा बारीक झाला तसे माझे शब्द सुटू लागले. मीठ म्हणजे काय, दार म्हणजे काय, मला आठवेना. मी कुणाच्या आत आहे, तेही.

"हाताची बोटं पाहा त्याची," लियाकतचा दबका आवाज. "दिसभर धुनं धुतल्यावानी झाली."

शकुबाई पेला ढवळत राहिली.

बऱ्याच वेळानं नथ्थूभाऊ म्हणाला, "शकू."

"काय जी."

"तोंड खारट होऊन गेलं. गोड काई दे."

"नाई."

तो थांबला. नेहमी थांबतो तसा. मग म्हणाला, "आता नाई म्हनून काय वाचवतं?"

तिनं त्याच्या पोटावर डोकं टेकलं. अगदी माझ्यावर. ती बोलली ते त्याला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही, मला गेलं. ती म्हणाली, "इतके साल तुमच्या तोंडचं गोड काढून घेतलं जी. जगावं म्हनून काढलं. आनखी कायच्यासाठी काढन मी?"

मग डोकं उचललं गेलं.

"दुकानातून साखर आनू काय?" लियाकतनं विचारलं.

"आता कुठी जाता. हे हाये न." फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. "गोड तोंडानं जाऊ द्या त्याले."

तिनं शेवटचा निरोप म्हणून ती दुमडलेली पुडी उघडली. अख्खी एका पेल्यात ओतली आणि त्याच्या ओठाला लावली.

पहिला घोट आमच्यापर्यंत आला तो इतका दाट होता की त्यानं आमच्याकडचंच पाणी बाहेर ओढायला सुरुवात केली. दाट बाजूकडे पाणी ओढलं जातं, त्याला आपला-परका नसतो. मला वाटलं, आता संपलं.

वर नथ्थूभाऊनं तोंड वाकडं केलं. "निंबाच्या लोनच्याचं पानी पाजून राह्यली काय?"

शकुबाई हसली की रडली, ते पोटातून कळलं नाही. लियाकतनं पुडी हातात घेऊन वाचलं. "एक लिटर लिवलं हाये याच्यावर, बाई. पेल्यात नाई." मग मोठ्या गंजात, पातेल्यात, पाणी पडल्याचा आवाज, पेला उपडा केल्याचा आवाज, ढवळल्याचा आवाज.

दुसरा घोट आला.

मीठ दाराशी होतंच, सकाळपासून थांबलेलं. त्याच्या शेजारी साखर येऊन बसली. दोघं काही बोलली नाहीत. दार वळलं.

ते कसं असतं ते मला नीट सांगता येणार नाही. खूप दिवस बंद घराचं कवाड उघडताना जसं आधी अडतं आणि मग सुटतं, तसं. एक जोडी आत आली. मग दुसरी. मग मोजायचं राहून गेलं. पाठीमागचे पंप जागे झाले, मीठ गल्लीत पडू लागलं, साखर आपल्या वाटेनं निघाली. आणि पाणी वळलं. खाली निघालेलं पाणी थबकलं, फिरलं आणि मिठाच्या मागे मागे, माझ्या अंगातून आणि माझ्या शेजाऱ्यांच्या मधल्या फटीतून, रक्ताच्या गल्लीत शिरलं. शेजारच्या बोटावर तेच, त्याच्या पलीकडच्या बोटावर तेच. अंधारात सगळीकडे दारं वळत होती.

खाली कळ दाबलेलीच होती. तो विळ्यासारखा वाकलेला अजून मला टेकून बसला होता. धार चालूच होती. पण आता जात होतं त्याहून जास्त आत येत होतं.

शकुबाई चमच्या-चमच्यानं पाजत राहिली. दर थोड्या वेळानं तिचा हात अडायचा.

"शुगर वाढन जी."

"वाढू दे," नथ्थूभाऊ पुटपुटला. "वाढाले मानूस तर राहू दे."

गंज रिकामा झाला. मग लियाकत पावसात दुकानाकडे धावला, त्याच्याकडे विकायला होत्या त्या पुड्या घेऊन आला. दिवस कलला असेल, कारण बाहेर कोंबड्या खुराड्यात घालायची गडबड ऐकू आली. गल्लीतलं रक्त सैल झालं. काळजाची खडखड कमी झाली. मला शब्द परत मिळाले, एकेक करून. पहिला आला तो 'मीठ'.

मग नथ्थूभाऊनं डबा मागितला. सकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती.

"झाली काय?" दाराबाहेरून लियाकतनं विचारलं.

"झाली न," शकुबाई म्हणाली.

"मंग नाई मरत हा. उगाच माह्याकडून नाल्यावर जीप धुवून घेतली."

दुसऱ्या दिवशी बाज थरथरली. ट्रक सुरू झाले होते, म्हणजे रपटा मोकळा झाला होता. नथ्थूभाऊला एटापल्लीच्या दवाखान्यात नेलं. हाताच्या शिरेतून त्याला थेट रक्ताच्या गल्लीत पाणी दिलं गेलं. औषध आलं तेव्हा तो वाकलेला, डॉक्टर ज्याला कॉलऱ्याचा जंतू म्हणाला तो, विरघळून गेला, आला होता तितक्याच शांतपणे. कळ मात्र मी जिवंत असेपर्यंत सुटणार नाही, माझ्या आत ते बोट अजून आहे. सुटेल ती माझ्या मागून येणाऱ्यांची.

डॉक्टरनं शुगर तपासली. वाढली होती, पण आवरण्याइतकी. तो शकुबाईला म्हणाला, पुडी दिली ते बरं केलं. शुगर असली तरी जुलाबात हे पाणी द्यायचं, आणि लगेच दवाखान्यात आणायचं.

डॉक्टर गेला. पंखा फिरत होता.

"सकाळीच फळीवर होती," शकुबाई म्हणाली. "मीच गुंडाळून ठेवली जी."

नथ्थूभाऊ म्हणाला, "पन काढली न."

"तुमी मराचे म्हनून काढली."

"मंग तर चांगलंच झालं. मराची तयारी होऊन गेली, आता घाई नाई."

ती त्याच्या हातावर चापट मारते, तसा आवाज आला. मग तिनं तो हात सोडला नसावा, कारण हात मागे घेतल्याचा आवाज आला नाही.

आता मी टोकाशी आहे. समोर पोकळी आहे आणि खाली वाहणारा अंधार. माझ्या पुढचा आत्ताच इथे होता. मागे वळून पाहिलं तर जो येतोय त्याचा चेहरा माझाच आहे. त्याला मी काही सांगितलेलं नाही. त्याची दारं कोरी आहेत, कळ मोकळी आहे. त्याला सगळं आपोआप येईल, मलाही तसंच आलं होतं.

सांगायचं ते तुम्हाला. तुमच्या घरी कुणाला असं पाणी सुटलं तर ती पुडी गोड लागते म्हणून फळीवर ठेवू नका. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला आणि थोडं थोडं पाजा. मिठाला एकटं पाठवू नका. ते दाराशी उभं राहतं, काही बोलत नाही, आणि बाहेरच्यांना वाटतं आपण सगळं केलं.

तुम्ही हे वाचताय, तेव्हा तुमच्या आतही कुणी बोटावरून वर सरकतंय. तुमचा आवाज त्याला ऐकू येतो. तुम्ही ज्याच्याशी बोलता, जसं बोलता, तशी त्याची भाषा होते. म्हणून घरात जरा मायेनं बोलत जा. त्याला तेवढंच मिळतं.

माझ्याखालची जागा सैल होतेय. दुखत नाही. वर शकुबाई त्याला बिनसाखरेचा चहा देतेय आणि तो कुरकुरतोय.

अजून एक सांगायचं राहिलं होतं. महत्त्वाचं होतं.

काय म्हनत होतो मी.